पान सातवरचे ओव्हाळ

"रक्तदान शिबिराच्या शेजारी आम्हाला ज्यांनी बसवलं, त्यांना भेटायचंय."

दिनकर ओव्हाळ यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकाच्या मनोरंजन पुरवणीत उपसंपादक होते. टेबलापुढे साठी ओलांडलेले, सडसडीत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. खिशाला तीन पेनं आणि हातात आमचाच अंक, सातव्या पानावर घडी घातलेला. सातवं पान म्हणजे आमचं 'समाजभान'. शिलाई यंत्रांचं वाटप, मोफत नेत्रतपासणी, कुठल्याशा टेकडीवरचं वृक्षारोपण अशा बातम्या तिथे गुण्यागोविंदाने नांदत. त्या अंकात रक्तदान शिबिराला चिकटून सात ओळी होत्या. मथळा होता, 'वस्तीतील कलावंतांचा स्तुत्य उपक्रम'.

"पण बातमी तर आली ना?" मी म्हटलं. "पुष्कळांची येतही नाही."

"आली. आभारी आहे. परवा प्रयोगाला अकरा माणसं होती. त्यातल्या दोघांनी दारात विचारलं, रक्त कुठे द्यायचं?"

हे खरं होतं की जागच्या जागी रचलेलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

"शिवाय हा उपक्रम नाहीये, मॅडम. दोन अंकी विनोदी नाटक आहे. 'चेअरमन अडकले.' आणि वस्ती कुठली? मी कर्वेनगरला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्यातले दोघं कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. त्यांच्या सोसायटीत तर पोहण्याचा तलाव आहे. वस्ती कोणाला दिसली?"

वस्ती मला दिसली होती. पत्राच्या तळाशी संपर्काचा पत्ता एका बुद्धविहाराचा होता, कारण त्यांच्या तालमी तिथल्या हॉलमध्ये चालत. मी तो पत्ता वाचला, वरचा मजकूर वाचलाच नाही आणि पत्र 'समाजभान'च्या ट्रेमध्ये टाकलं. आमच्याकडे टपाल असंच लावायचं, वर्षानुवर्षं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. "बघते हं," एवढंच म्हणाले. पुण्यात 'बघते' म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं.

ओव्हाळ पाटबंधारे खात्यात आरेखक होते. जन्मभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. त्यामुळे अक्षर असं की छापलेलं वाटावं. नाटकाची प्रसिद्धिपत्रकं ते हातानेच लिहीत आणि समासही पट्टीने आखत. "नकाशात चूक झाली तर धरण फुटतं, नाटकात चूक झाली तर माणूस उठून जातो. मला दोन्हीची भीती सारखीच," असं ते म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनांच्या जोडीला सहा इंची स्टीलची पट्टी असायची. एका शुक्रवारी एका नामवंत नटाच्या कुत्र्याचा वाढदिवस आम्ही चार कॉलमात साजरा केला, केकसकट. त्याच दिवशी ओव्हाळांच्या प्रयोगाची नोंद 'आज शहरात' या सदरात एका ओळीत आली होती. ते आले, पट्टी काढली, शांतपणे दोन्ही मजकूर मोजले आणि म्हणाले, "हरकत नाही. तुमच्या पेपरात आमचं नाटक एकास शंभर या प्रमाणात छापतात. आम्ही घरी जाऊन मोठं करून वाचू."

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. विनोद करताना हसायचं नाही हा त्यांचा नियम होता. बायको आणि नाटकमंडळी सोडून बाकी कोणाला त्यांचे दात दिसले असतील असं मला वाटत नाही.

नाटकाचं कथानक असं. एका सोसायटीचा चेअरमन नोटिसा लावण्यात पटाईत असतो. 'कामवाल्या, दूधवाले व कुरिअरवाले यांनी जिना वापरावा' ही त्याची लाडकी नोटीस. नेमक्या वार्षिक सभेच्या दिवशी तो लिफ्टमध्ये अडकतो, आणि अडकतो तो गुडघा दुखतो म्हणून गुपचूप लिफ्टने निघालेल्या हौसाबाई या कामवालीबरोबर. सभासद त्याला बाहेर काढायचं सोडून, चेअरमन लिफ्टच्या आतून सभा चालवू शकतो का, यावर वाद घालत बसतात. हौसाबाईला सगळ्या घरांतलं सगळं ठाऊक असतं, त्यामुळे सभेचे एकेक ठराव आतून तीच पास करवते. ओव्हाळ स्वतः चेअरमन व्हायचे आणि त्यांच्या पत्नी सुनंदाबाई हौसाबाई. सुनंदाबाई निवृत्त परिचारिका. इंजेक्शन देताना 'काही दुखत नाही हं' म्हणायची त्यांची जी शांत लय होती, त्याच लयीत त्या रंगमंचावर चेअरमनची अब्रू काढायच्या. सभासदांत कात्रज डेपोचा एक कंडक्टर, ते दोन इंजिनिअर आणि एक शिक्षिका. सगळा मालमसाला ओव्हाळांनी स्वतःच्या सोसायटीतून उचलला होता. तिथे ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते. नाटक बघून एकही शेजारी रागावला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, हा तो दुसऱ्या विंगमधला.

मी एकदा त्यांना विचारलं, "त्या जिन्याच्या नोटिशीत काहीतरी म्हणायचंय ना तुम्हाला?"

"असेल. पण ते माणसाने घरी जाऊन रात्री जेवताना ओळखावं. थिएटरात हसावं. तिकीट हसण्याचं घेतलंय."

नेमकी हीच गोष्ट कोणाला मान्य नव्हती. ओव्हाळ आणि मंडळी तीस वर्षं नाटकं करत होती, आणि झाडून सगळी विनोदी. पण त्यांचा फोन वाजायचा तो जयंतीच्या आठवड्यात. तेवढ्यापुरते ते सगळ्या वाहिन्यांना, सगळ्या पेपरांना हवेसे वाटत. एरवी वर्षभर त्यांना कोणी विचारत नसे. अशाच एका आठवड्यात इंटरनेटवरच्या एका वाहिनीने त्यांना मुलाखतीला बोलावलं. तो किस्सा मला सुनंदाबाईंनी त्यांच्या घरी, कांदेपोहे परतता परतता सांगितला.

"त्या पोरीने विचारलं, सर, तुमचा संघर्ष सांगा. हे म्हणाले, संघर्ष मोठा आहे. प्रयोगाच्या दिवशी सेटचा टेम्पो लावायला जागा मिळत नाही. ती म्हणाली, तसा नाही, लहानपणीचा. शाळेत अनवाणी जायचात का? हे म्हणाले, नाही, सायकलवर जायचो. वडील रेल्वेत होते. तिचा चेहरा असा पडला म्हणता! मग म्हणाली, सर, कंदिलाच्या उजेडात तरी अभ्यास केला असेल? मला दयाच आली तिची. मी मागून ओरडले, अहो, एकदा लाइट गेली होती की नाही, ती सांगा!"

"मग सांगितली?"

"सांगितली. तेवढीच दाखवली त्यांनी," आतून ओव्हाळांचा आवाज आला. "नाटकाचं नाव काढून टाकलं. पाहणाऱ्यांना वाटलं असेल, हे गृहस्थ महावितरणची तक्रार घेऊन आलेत."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण घरी परतताना मनात आलं की तीस वर्षं हे असंच चाललं असेल, तर माणूस कडवट कसा झाला नाही? मी असते तर कधीच दगड उचलला असता. ओव्हाळांनी दगडाच्या ऐवजी एक प्रयोग केला, आणि तो आमच्यावरच केला.

एका सोमवारी माझ्या टेबलावर दोन पत्रं होती. मी नेहमीप्रमाणे पत्ते तेवढे पाहून टपाल लावलं, वर मथळे टाकले आणि विसरून गेले. शनिवारी ओव्हाळ आले. त्यांनी कागदावर चिकटवलेली दोन कात्रणं माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवली. एक शुक्रवारच्या पुरवणीतलं, तिसऱ्या पानावरचं: 'नव्या संस्थेचं खुसखुशीत फार्सिकल नाटक'. दुसरं सातव्या पानावरचं: 'वंचित घटकांतील कलावंतांचा प्रयोग'. खाली दोन्हीकडे तीच तारीख, तीच वेळ, तोच हॉल आणि तेच 'चेअरमन अडकले'.

"वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी माझे मित्र आहेत," ते म्हणाले. "तुम्ही अक्षर ओळखू नये म्हणून दोन्ही पत्रं टाइप करून घेतली. एकावर त्यांचा पत्ता घातला, दुसऱ्यावर विहाराचा. मजकुरात कानामात्रेचा फरक नाही. कुलकर्ण्यांच्या पत्त्यावरून गेलो तर आम्ही मनोरंजन. माझ्या पत्त्यावरून गेलो तर समाजकार्य."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन्ही पत्रं मीच लावली होती. पहिल्याला 'खुसखुशीत' हा शब्दही मीच जोडला होता, आणि दुसऱ्याला 'वंचित'. नाटक मी तोवर पाहिलेलंही नव्हतं.

आमच्या ऑफिसात कोणी दुष्ट नव्हतं, हे मला इथे सांगितलं पाहिजे. मोठ्या नाटक-सिनेमांची प्रसिद्धी करणाऱ्या एजन्सी सोमवारी सकाळी तयार मजकूर आणि चकचकीत फोटो पाठवत. दुपारपर्यंत पुरवणी निम्मी भरलेली असे, मग उरलेली जागा नट-नट्यांचे कुत्रे खात. हाताने लिहिलेली पत्रकं ज्यांची येत, त्यांच्याविषयी आम्हाला कणव होती. कणव असली की आपण पान सातवर जागा देतो आणि घरी जाऊन स्वस्थ झोपतो. मीही झोपत होते.

"मी चुकले, काका," मी म्हटलं. 'साहेब'वरून 'काका'वर मी त्या दिवशी आले. "काय करू सांगा."

त्यांनी पिशवीतून एक काळी फाइल काढली. तीत आमच्या आणि इतर पेपरांतली नाट्यपरीक्षणं होती, आणि सगळीच्या सगळी झोडपणारी. मोठमोठ्या बॅनरच्या नाटकांची, नावाजलेल्या लेखकांची.

"हे बघा, मेधाताई. याला 'कंटाळवाणं' म्हटलंय. ह्याला म्हटलंय, 'लेखकाने विनोदाचा पाठलाग केला, पण विनोद सापडला नाही.' किती मानाने वागवलंय बघा! कोणीतरी अडीच तास बसलं, नीट पाहिलं आणि मग चिडलं. आमच्यावर तीस वर्षांत कोणी चिडलेलं नाही. सगळे कौतुक करतात आणि बघायला कोणीच येत नाही. तुम्ही फक्त या, बघा आणि वाईट असेल तर वाईट लिहा. पण तिसऱ्या पानावर लिहा."

आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण फाइल मिटताना त्यांना दोरीची गाठ दोनदा मारावी लागली.

मी गेले. एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होता, साठेक माणसं होती. पहिल्या अंकात मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. दुसरा अंक मात्र भलताच लांबला होता आणि चेअरमनच्या भूमिकेत ओव्हाळ फार ओरडत होते. मी तसंच लिहिलं, एक अक्षर न झाकता. पहिला अंक कसा बांधेसूद आहे, सुनंदाबाई कशा बाजी मारतात आणि दुसऱ्या अंकाला कशी कात्री लावली पाहिजे. मथळा दिला, 'चेअरमन अडकले, आणि दुसरा अंकही!'

योग असा की त्याच आठवड्यात त्यांना शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहाची शनिवार संध्याकाळ मिळाली. एरवी ती वेळ बड्या संस्थांची. त्यातल्या एकीने ऐन वेळी प्रयोग रद्द केला आणि तारीख मोकळी झाली. तारखा बघणारे व्यवस्थापक सरळ माणूस होते. ते म्हणाले, "ओव्हाळ, लोक आले आणि रमले, तर पुढच्या महिन्यात आणखी एक शनिवार देतो. नाही रमले तर मग जयंतीला आहेच आपली भेट." ओव्हाळांनी मला हे फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. दोन्ही इंजिनिअरांना परगावच्या नोकऱ्या आल्या होत्या. नाटक चाललं तर ते थांबणार होते, नाहीतर तीस वर्षांची संस्था त्या शनिवारी संपणार होती.

परीक्षण शुक्रवारी आलं. पान तीनवर आलं, अर्धं पान आलं. मजकुराला कोणी हात लावला नव्हता. फक्त मथळा बदलला होता: 'उपेक्षितांच्या वेदनेला रंगमंचाची साथ'.

मी तरातरा आमच्या संपादकांकडे, साने साहेबांकडे गेले.

"अगं, त्यांच्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "नुसतं लिफ्ट, चेअरमन असं दिलं असतं तर कोणाचं लक्ष गेलं असतं? आता बघ, लोक येतील."

साने साहेब मनाने लोण्यासारखे. त्यांच्याशी भांडण करणंही अवघड. ओव्हाळांचा फोन आला तेव्हा मी आधीच क्षमा मागायला लागले. ते म्हणाले, "परीक्षण फार सुरेख वाईट आहे. वाचून सुनंदा म्हणाली, बघा, मी वीस वर्षं सांगतेय ओरडू नका. दुसऱ्या अंकातली बारा मिनिटं आत्ताच काढली. मथळ्याचं काय, तो कोणी वाचत नाही."

मथळा सगळ्यांनी वाचला होता. शनिवारी पाचच्या प्रयोगाला लोक आले आणि खूप आले. खादीचे झब्बे, सुती साड्या, खांद्याला शबनम. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आजूबाजूला कॉलेजात शोकसभेला असते तसली शांतता. पडदा वर गेला. ओव्हाळांची पहिलीच एन्ट्री म्हणजे हमखास हशा. चेअरमन स्वतःच लावलेल्या 'फरशी ओली आहे' या पाटीला अडखळून पडतो. ते पडले. हॉलभर एकच आवाज झाला, "च्च्च्."

मग पाऊण तास तेच. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ पत्नीच्या कानात म्हणाले, "लिफ्ट हे प्रतीक आहे हं." पत्नीने मान डोलावून पर्समधून रुमाल काढला. हौसाबाई म्हणाली, "चेअरमन साहेब, तुमच्या घरी महिन्यातून एकदाच चादर बदलतात, ते सांगू का सभेत?" यावर शाळेच्या हॉलमध्ये लोक खुर्च्यांवरून घसरले होते. इथे मागून कोणीतरी भरलेल्या आवाजात म्हणालं, "अरेरे." एक मुलगी फस्सकन हसली, तर तिच्या आईने तिला चिमटा काढला. आणि अंक संपल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. गंभीर चेहऱ्याने, खूप वेळ टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांइतकी भयंकर गोष्ट मी नाट्यगृहात कधी ऐकली नाही.

मी आत धावले. मेकअपच्या खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "काका, मानसं हायेत का फोटो?" सुनंदाबाई पदराने वारा घेत होत्या. ओव्हाळ आरशासमोर बसले होते, चेअरमनच्या सफारीत, चिकटवलेल्या मिशीत. विंगेत व्यवस्थापक हाताची घडी घालून उभे होते. ते आपापसातलं बोलल्यासारखं म्हणाले, "मान देतायत लोक. पण रमले नाहीत."

"माझ्या पेपरामुळे झालं हे," मी म्हटलं. "माझ्या पुढच्या रांगेत लिफ्टला प्रतीक म्हणतायत. मी जाऊन सांगू का स्टेजवर?"

"तुम्ही कशाला? तुम्ही पुन्हा वर्तमानपत्रच," ओव्हाळ उठत म्हणाले. "चेअरमन सांगतील."

तिसरी घंटा झाली. पडद्याच्या फटीतून ते एकटेच पुढे आले. चेअरमनच्या ऐटीत चष्मा लावला, खिशातून कागद काढला. कागद कोरा होता, ते मला विंगेतून दिसत होतं.

"सूचना," ते म्हणाले. "तमाम सभासदांस कळविण्यात येते की, पहिल्या अंकात काही सभासद हसू दाबताना आढळले. असे करणे प्रकृतीस अपायकारक असून सोसायटी जबाबदार राहणार नाही. दोन. हसल्यास आमच्या भावना दुखावतील अशी अफवा आहे. आमच्या भावना न हसल्याने दुखावल्या आहेत. तीन. पुढच्या रांगेतल्या सभासदांनी लिफ्टला प्रतीक म्हटल्याचे समजते. ती लिफ्ट आहे. आमच्या कंडक्टरने पत्रा ठोकून केली आहे, उगाच कोणी टेकू नये. चार. नाटक न आवडल्यास आदराने उभे राहून टाळ्या वाजवू नयेत. इतरांच्या नाटकांना जशी कुरकुर करता तशीच करावी. हुकुमावरून."

क्षणभर काहीच झालं नाही. मग बाल्कनीतून एक म्हातारा, खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. मग ती चिमटा खाल्लेली मुलगी. मग लिफ्टला प्रतीक म्हणणारे गृहस्थच असे फुटले की त्यांच्या पत्नीला तो रुमाल त्यांनाच द्यावा लागला. पडदा वर गेला आणि पुढचा तासभर मी नाटक ऐकू शकले नाही, इतका गोंगाट. हौसाबाईने जिन्याची नोटीस लिफ्टच्या आत फाडून पंखा केला, तेव्हा हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. आणि त्या टाळ्यांत थोडं चपापणंही होतं. ते घरी जेवताना वर आलं असेल.

त्या संध्याकाळनंतर पुलाखालून पुष्कळ पाणी वाहून गेलं. मी नोकरी सोडली. ओव्हाळ पती-पत्नी मुलीजवळ वाघोलीला राहायला गेले. चेअरमनचं काम आता कंडक्टर करतो. "ओरडणाऱ्या नटाला मीच काढलं," असं ओव्हाळ फोनवर सांगतात. पण त्यांचं नाव निघालं की मला दिसतात ते त्या दिवशी प्रयोग संपल्यावरचे.

व्यवस्थापकांनी विंगेतच सुनंदाबाईंना गाठलं आणि म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यातला तिसरा शनिवार. पाचचा. घेताय ना?" सुनंदाबाईंनी मान हलवली आणि माझा हात धरला. ही बातमी द्यायला आम्ही दोघी ओव्हाळांना शोधत बाहेर आलो. ते बुकिंगच्या खिडकीजवळ उभे होते. मिशी काढलेली, सफारीच्या पँटवर आपला साधा शर्ट चढवलेला. आणि टोपी घातलेले, ऐंशीच्या घरातले एक आजोबा त्यांना नाटक कंपनीतले कोणी कामगार समजून बोटाने दम देत होते.

"तुमच्या त्या लेखकाला सांगा, शेवट ताणलाय. एकदा लिफ्ट उघडली की संपवायचं. आणि तो चेअरमन करणारा, काय ओरडतो हो! आम्ही बाल्कनीत होतो, बहिरे नव्हतो. ती बाई मात्र नटी आहे खरी. आणि हो, चहा पाणचट."

मला राहवेना. हा माणूस कोण आहे हे त्या आजोबांना सांगावं म्हणून मी पुढे झाले. सुनंदाबाईंनी मला मागे ओढलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"थांबा, मध्ये पडू नका," त्या म्हणाल्या. "ह्या म्हाताऱ्याची आम्ही तीस वर्षं वाट बघतोय."

ओव्हाळ हात जोडून, मान किंचित पुढे करून ऐकत होते. त्यांचे दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी पुष्कळ आहे, ऐकायला वेळ असेल तर," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.